डीला काही होत नाही

सोयाबीन निघायला लागलं की अहमदपूरची हवा आठ-पंधरा दिवस जाड होते. शिवारात मळणीयंत्रं सुरू असतात, त्यांचा भुसा वाऱ्यावर गावात येतो आणि घसा खवखवत राहतो. मोंढ्याकडे, म्हणजे धान्याच्या बाजाराकडे, ट्रॅक्टरची रांग लागते. मोंढ्यासमोरच माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान, त्यामुळे की-बोर्डवर बोट फिरवलं तरी पिवळसर धूळ निघते. पूर्वी मला हा हंगाम आवडायचा. गिऱ्हाईक शेतात गुंतलेलं असायचं, दुकान शांत, आणि मशीन उघडून ब्रशने साफ करत बसायला निवांत वेळ मिळायचा. गेल्या वर्षापासून मात्र हा भुसा उडू लागला की मी दुकानाचं शटर अर्धं ओढून घेते.

गेल्या आठवड्यात एक प्राध्यापक लॅपटॉप घेऊन आले. खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "ताई, विंडोज टाकावं की लिनक्स? टाकायला सोपं कोणतं?" साधा प्रश्न. याच प्रश्नावर मी एकेकाळी समोरच्याचा चहा गार होईपर्यंत बोलायचे. या वेळी नुसतं म्हणाले, "ठेवून जा सर, बघते." ते गेले आणि फोनवर सुमनचा निरोप दिसला. "ताई, रविवारी आईचं वर्षश्राद्ध हाय. नक्की या." मी लॅपटॉपचं झाकण उघडलं होतं, ते परत लावून टाकलं.

मी मूळची हदगावची. नांदेडला कॉलेजात असताना स्टेशनजवळ सलीमभाईंच्या दुकानात हे काम शिकले. मुलगी हातात स्क्रू ड्रायव्हर धरते हे बघायला लोक दारात थबकायचे. सलीमभाई आतून ओरडायचे, "क्या देख रहे मियाँ, सर्कस है क्या?" त्या काळी विंडोज टाकणं म्हणजे लग्नघरचं काम, सकाळी सुरू केलं तर दुपार झालीच समजा. सीडी ओढणीने पुसायची, फुंकर मारायची, आत सरकवायची आणि घरघर ऐकून अंदाज बांधायचा, की आज ही चालणार की मध्येच रुसणार. निळा पडदा, पांढरी अक्षरं. माऊस चालत नसे. मग तो लांबलचक नंबर, सीडीच्या पाकिटावर बॉलपेनने लिहिलेला, त्यातला बी आहे की आठ हे देवालाच ठाऊक. "आणखी एकोणचाळीस मिनिटं" असं पडद्यावर यायचं आणि ती मिनिटं नांदेडच्या सिटी बससारखी, त्यांच्या मर्जीने पुढे सरकायची. एवढं सगळं होऊन मशीन सुरू झालं, तरी त्याला आवाज नसायचा. आवाजाची सीडी वेगळी, प्रिंटरची वेगळी, इंटरनेटची तिसरीच.

त्या निळ्या पडद्यावर डिस्कचे भाग ओळीने दिसायचे. सी, डी, कधीमधी ई. त्यातला एखादा पुसायचा असेल तर आधी एक बटण दाबा, मग एंटर, मग की-बोर्डच्या दुसऱ्याच टोकाचं तिसरं बटण. मला वैताग यायचा. एकदाच काय ते विचार की बाबा! सलीमभाई पान चघळत म्हणायचे, "बेटा, तीन बार पूछ रहा ना? तेरे भले के वास्ते पूछ रहा. जो मशीन सवाल पूछता नै, उसको डरना." मला तेव्हा कशाचीच भीती वाटत नव्हती. वीस वर्षांची होते, आणि नांदेडमध्ये माझ्याइतक्या वेगाने कुणी विंडोज टाकत नाही, असं मला वाटत होतं.

त्याच दुकानात मी ते वाक्य शिकले, जे पुढे मी सगळ्या अहमदपूर तालुक्याला शिकवलं. विंडोज बिघडलं की पुसून नव्याने टाकावं लागायचं आणि पुसताना त्या भागातलं सगळं जायचं. म्हणून आम्ही दुकानवाले प्रत्येक डिस्कचे दोन भाग करून द्यायचो. सी मध्ये विंडोज, डी मध्ये माणसाचं काम. लग्न होऊन इकडे आले, दुकान टाकलं, तेव्हा गिऱ्हाइकाला समजेल अशा भाषेत मी ते सांगू लागले. "सी म्हणजे अंगण, डी म्हणजे कणगी. अंगण कधीबी झाडलं जाईल. दाणे कणगीत ठेवा." शाळेचे गुरुजी, कृषी केंद्रवाले, पतसंस्थेतल्या मुली, सगळ्यांना पाठ झालं होतं. कुणी घाबरून मशीन घेऊन आलं की मी विचारायचे, "सामान कुठंय?" ते म्हणायचे, "डी मध्ये." मी म्हणायचे, "मग जा घरी, जेवा निवांत. डीला काही होत नाही." वीस वर्षं खरंच काही झालं नाही.

पुढच्या विंडोज सोप्या होत गेल्या. सीडी गेली, पेनड्राइव्ह आला. माऊस चालू लागला, आवाज आपोआप येऊ लागला. मग त्या पुन्हा वेगळ्या तऱ्हेने अवघड झाल्या. इंटरनेट जोडा, ईमेल सांगा, पासवर्ड सांगा. ज्याचा ईमेल भाच्याने कधीतरी काढून दिलेला, तो माणूस माझ्याकडे असं बघायचा, जणू मीच त्याची झडती घेते आहे. मॅक मी एकदाच टाकला, नांदेडच्या एका डॉक्टरीणबाईंचा. दोन बटणं दाबून धरली आणि त्याने सगळं स्वतःच इंटरनेटवरून आणलं. मला फक्त पंख्याखाली बसायचं काम होतं. आणि लिनक्स, त्यातलं उबंटू, म्हणजे तर गंमतच. टाकायच्या आधी वापरून बघा म्हणतं. मराठीत बोलतं. वायफाय लगेच धरतं. चहा येऊन कप परत जाईपर्यंत तयार. पहिल्यांदा टाकलं त्या दिवशी मी सलीमभाईंना फोन करून सांगितलं होतं, की आता आपल्या धंद्याला कुलूप लागणार.

गेल्या वर्षी याच हंगामात विंडोजच्या दहाव्या आवृत्तीची मुदत संपली. नव्या आवृत्तीला मशीनमध्ये एक सुरक्षेची चिप लागते. आमच्याकडची निम्मी मशीनं त्या चिपच्या जन्माआधीची. त्यातलंच एक शिवराजअप्पांचं.

अप्पांचा फोटो स्टुडिओ बसस्टँडच्या मागच्या गल्लीत. वय पासष्टच्या पुढे, कपाळावर विभूती, गळ्यात लिंग, आणि माऊस इतका हळू धरायचे की पाखरू धरलंय असं वाटावं. लग्नाचे फोटो हा धंदा झाला. पण अप्पांचं नाव होतं ते मेलेल्या माणसांच्या फोटोंसाठी. आमच्या भागात कुणी गेलं की तेराव्याच्या आत हार घालायला मोठा फोटो लागतो, आणि खेड्यातल्या म्हाताऱ्या माणसाचा नीट फोटो कुणाकडे नसतो. मग लोक अप्पांकडे येतात. "अमक्याच्या लग्नात आमचे दादा होते बघा, मांडवाच्या खांबापाशी." अप्पा ते लग्न काढायचे, खांबापाशी उभे असलेले दादा शोधायचे, त्यांना गर्दीतून अलगद सोडवून निळ्या पार्श्वभूमीवर बसवायचे. अंगात सदरा मळका असेल तर बदलायचे. त्यांच्याकडे 'कपडे' नावाचा एक फोल्डरच होता. त्यात कोट, फेटे, टोप्या, इरकली साड्या. जन्मभर गंजीफ्रॉकवर राहिलेल्या कितीतरी माणसांना अप्पांनी मेल्यावर कोट घातला. तालुक्यातली बारा-तेरा वर्षांची लग्नं त्या मशीनमध्ये होती. आणि अर्थातच डी मध्ये. मीच तसं लावून दिलं होतं.

"तुळशीच्या लग्नानंतर कामं सुरू होतेत पोरी, त्याच्या आधी करून दे," अप्पा म्हणाले. मी उबंटूचा पेनड्राइव्ह घेऊन गेले. त्यात फोटोचं काम करायला वेगळं सॉफ्टवेअर होतं, ते मी शिकवणार होते. बसता बसता सवयीने विचारलं, "अप्पा, सामान कुठंय?"

"सगळं डी मध्ये हाय."

"मग काळजी नाही," मी म्हणाले. आम्ही दोघंही निश्चिंत झालो. एक शब्द ऐकून दोन शहाणी माणसं निश्चिंत झाली, याचाच आजही मला संताप येतो.

लिनक्सला सी आणि डी माहीत नाहीत. त्याला दिसते ती एक सबंध डिस्क. सगळं पुसून नव्याने टाकायचं, असा पर्याय वरच होता. सोपा होता, तोच निवडला. त्याने शेवटी एक पान दाखवलं होतं. काय काय करणार आहे ते त्यावर सरळ लिहिलेलं होतं. त्याला दोष देता येणार नाही. मी अप्पांशी सोयाबीनला लागलेल्या पावसाबद्दल बोलत होते आणि बोलता बोलता बटण दाबलं.

वीस मिनिटांत मशीन तयार झालं. अप्पांनी जांभळट पडदा बघितला, चष्मा वर केला, खाली केला. "चांगलं दिसायलंय. डी कुठाय?"

मी हसून माऊस हातात घेतला. एक फोल्डर उघडला, दुसरा उघडला. दोन्ही रिकामे. मशीन बंद केलं, पिन काढली आणि काही वेळ त्या काढलेल्या पिनकडेच बघत बसले. अप्पा उठले, दाराशी जाऊन उभे राहिले, आणि पाठमोरेच म्हणाले, "पुसलं व्हय सगळं?"

मी "हो" म्हणणार, तेवढ्यात दारात सुमन आली.

तिला मी ओळखत नव्हते. तिशीची बाई, केसांत भुशाचे कण, डोळे सुजलेले. रास होता होता खळ्यावरच तिची आई, सोजरबाई, छातीत कळ येऊन गेली होती. तिसरा दिवस होता. "अप्पा, आईचा फोटो पाहिजे. माझ्या लग्नातला. तो हसलेला."

अप्पांना लगेच आठवलं. जेवणाच्या पंगतीत नवरदेवाचा मामा प्लास्टिकच्या खुर्चीसकट मागे पडला होता आणि सोजरबाई मान मागे टाकून हसली होती. कॅमेरा नेमका तिकडे होता. पण तो फोटो अल्बममध्ये घेतला नव्हता.

"मीच नगं म्हणले होते," सुमन म्हणाली. "समोरच्या दोन दातांत फट होती तिच्या. सासरचे काय म्हणतील वाटलं. अल्बममदी ती एकाच फोटोत हाय, खाली मान घालून. आधारवरचा तर काळा डाग नुसता. अन् मोबाइल काढला की तोंडावर पदर घ्यायची. किती बार म्हणलं, एक काढू दे गं. न्हाईच. तेवढा एकच हाय अप्पा, तोंड दिसतंय असा."

मी मशीनजवळ बसले होते, पिन हातातच होती. आता बोलायला हवं होतं. अप्पा माझ्याकडे न बघता म्हणाले, "मशीन बिघडलंय बाई. ही ताई नीट करायलीये. तेराव्याच्या आत देतो." सुमनने माझ्यापुढे हात जोडले. "ताई, तेवढा काढून द्या." मी मान हलवली. एवढंच केलं मी. मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.ने नांदेड. डिस्क टॉवेलात गुंडाळून मांडीवर धरली होती. लोह्याच्या पुढे रस्ता खराब आहे, गाडी आदळली की मी डिस्क उचलून हातात तोलायचे. शेजारच्या बाईने विचारलं, "लेकरूबिकरू हाय का काय?" बाहेर सगळीकडे रिकामी वावरं, कापलेल्या सोयाबीनचे बुडखे, मधूनच मळणीयंत्राभोवती उभी माणसं. मला वाटत होतं, या प्रत्येक वावरातलं कुणी ना कुणी माझ्या मांडीवर आहे. खांबापाशी उभे असलेले दादा, पंगतीत बसलेल्या काकू. ज्यांना अजून मरायचंय आणि ज्यांचा फोटो अजून कुणी मागितलेला नाही, तेही.

सलीमभाई आता थकलेत. दुकान जावई बघतो, पण डिस्क वाचवायचं काम ते स्वतःच करतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. रागावतील वाटलं होतं, रागावले असते तर बरं झालं असतं. "सवाल नै पूछा क्या उसने?" एवढंच म्हणाले.

"विचारला होता भाई. मी वाचला नाही."

चार दिवस त्यांच्या मशीनने ती डिस्क चाळली. पुसलेलं सगळंच जात नाही. ज्याच्यावर नवं लिहिलं गेलं तेवढं जातं, बाकीचं तुकड्यातुकड्यांनी निघतं. हजारो फोटो निघाले, नाव-गाव नसलेले, नुसते आकडे. काही अख्खे, काही वरून बरोबर आणि खाली राखाडी. राखाडी कुठून सुरू होईल याला काही नियम नसतो. नवरीच्या मुंडावळ्या आहेत, नवरी नाही. फेटा आहे, कपाळ आहे, संपलं. ते सगळं घेऊन आले आणि सुमनला बोलावलं. मी, ती आणि अप्पा, तिघं दोन दिवस पडद्यासमोर बसलो. अप्पा मध्येच कुणाला ओळखायचे, "हे गेले मागच्या उन्हाळ्यात," आणि पुढे सरकायचे.

सोजरबाई दुसऱ्या दिवशी दुपारी सापडली. सुमन उभीच राहिली. मागे टाकलेली मान, मोठं कुंकू, हसून बारीक झालेले डोळे, डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्या, नाक. नाकाच्या खाली राखाडी.

अप्पांनी राखाडीच्या कडेवरून बोट फिरवलं. मग अप्पा म्हणाले, "आई-लेकीचं तोंड एकच असतंय. तू बस इथं स्टुलावर. तुझा फोटो काढतो, खालचं त्यातलं लावतो. कुणाला कळणार न्हाई." सुमन बसली. अप्पा म्हणाले, "हस." आईला जाऊन दहा दिवस झालेल्या बाईला हस म्हणणं सोपं, हसणं कसं जमावं? तिला रडूच आलं. अप्पांनी घाई केली नाही. कॅमेऱ्यामागे उभे राहून ते मामाची गोष्ट सांगू लागले. खुर्ची कशी वाकली, मामा कसा हातातल्या बुंदीसकट मागे गेला, पाय कसे वर, आणि पायांत दोन वेगवेगळ्या चपला. सुमनला एकदम हसू फुटलं, मान मागे गेली. डोळ्यांतलं पाणी तसंच होतं. अप्पांनी बटण दाबलं.

तेराव्याला तो फोटो लागला. उरलेल्या फोटोंना मी सहा महिने नावं देत होते, जमतील तेवढ्यांना. आता कुणाचंही मशीन आलं तर आधी सगळं बाहेर काढून घेते, गिऱ्हाइकाला दाखवते, पुन्हा दाखवते. लोक कंटाळतात. कुणी "डी मध्ये हाय" म्हणालं तर मी उत्तर देत नाही. पण सुमनला मी काहीच सांगितलं नव्हतं. मशीन बिघडलं, हेच तिच्या लेखी खरं होतं. संक्रांतीला तिने माझ्याकडे तिळाचे लाडू पाठवले. तिच्या लाडवाचा घास गिळताना मला स्वतःची लाज वाटत होती.

रविवारी वर्षश्राद्धाला गेले. सुमनच्या भावाचं घर गावाच्या कडेला, मागे वावर, वावरात मळणी चालू. ओसरीवर तो फोटो, हार घातलेला. अप्पांनी इरकलही नेसवली होती. सांधा कुठेच दिसत नव्हता. येणारं जाणारं माणूस म्हणत होतं, "काय जित्ता फोटो हाय! अक्षी सोजर." मी खांबाला टेकून बसले आणि तिकडे बघायचं टाळत राहिले.

जेवणं सुरू व्हायच्या आधी शेजारची कोंडाबाई आली. सोजरबाईबरोबर तिने उभा जन्म खुरपणी केलेली. फोटोपुढे उभी राहिली, जवळ गेली, अजून जवळ गेली. "ही सोजर न्हाई," ती म्हणाली. "सोजरच्या दातांत फट होती. त्यातनं अशी शिट्टी घालायची की ज्वारीतली पाखरं भुर्र उडायची. गोफण लागत नव्हती आमाला." पोरं हसली. कुणीतरी म्हणालं, "म्हातारीला दिसत न्हाई आता." कोंडाबाई पुटपुटत बाजूला झाली.

सुमन घरामागे हात धुवायला गेली, तशी मी मागोमाग गेले. तिथेच, भुशाच्या वाऱ्यात, सांगून टाकलं. मशीन बिघडलं नव्हतं. मी पुसलं. वाचलं नाही, बोलत बसले आणि पुसलं. अप्पांनी मला झाकलं आणि मी वर्षभर झाकून घेतलं.

सुमन हात पुसत राहिली. कोरडे झाले तरी पुसत राहिली.

"ताई," ती म्हणाली, "तुमच्या हातून चुकून पुसलं. अल्बमचे फोटो निवडताना आई माझ्या बाजूलाच बसली होती. तिच्या म्होरं म्हणले मी, हा नगं अप्पा, दात दिसायलेत." तिने वावराकडे तोंड फिरवलं. "त्या दिवसापास्नं फोन दिसला की ती तोंडावर पदर घ्यायची."

आतून कुणीतरी पंगत बसल्याची हाक मारली. सुमनने माझा हात धरला आणि मला जेवायला घेऊन गेली.